विहिरीतल्या नवरीचं शेवटचं रीळ

१

शेवटच्या डब्यातून धान निघालं.

खरं धान नव्हे. धानाच्या रोवणीवरचा सरकारी माहितीपट. आनंदरावांनी फिल्मचं टोक खिडकीच्या उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "शालिकभाऊ, इथं तं बाया रोवणा करून राहिल्या गा. नवरी कुठी गेली?"

त्या रविवारी दुपारी तीनला सीताबर्डीवरच्या थेटरात आमच्या फिल्म सोसायटीचा खेळ होता : 'विहिरीतली नवरी'. हा चित्रपट काढणारा रेनातो व्हाल्मारी, पासष्टी ओलांडलेला इटालियन म्हातारा, खुद्द नागपुरात आला होता. मुंबईत कुणीतरी त्याला भुताच्या चित्रपटासाठी बोलावलं, ते काम फिसकटलं आणि परत जाण्याआधी तो आमच्याकडे उतरला. कशासाठी, तर हे शेवटचं रीळ पाहण्यासाठी.

व्हाल्मारीचं आयुष्य मला माझ्या सख्ख्या काकाच्या आयुष्यापेक्षा जास्त पाठ. डोंगरातलं गाव, भाजलेले चेस्टनट विकणारा बाप. पोरगा शाळा सोडून गावच्या थेटरात रिळं लावायला लागला. पुढे रोम. तिथं त्यानं ढालतलवारीचे चित्रपट काढले, मग भुतांचे, मग घोड्यावरच्या पिस्तुलवाल्यांचे. बाजार वळेल तिकडे तो वळायचा. पोस्टरवर नाव रे व्हॅलमोर, कारण अमेरिकन नावाशिवाय तिकीट खपत नाही असं निर्मात्यांचं म्हणणं. स्वतःच्या नावाचा चित्रपट एकच, हा पहिला. आणि प्रत्येक मुलाखतीत तेच रडगाणं : निर्माते माझे शेवट कापतात, माझ्या एकाही चित्रपटाचा शेवट माझा नाही.

पोर असताना मी ही नवरी रामटेकच्या जत्रेत, आनंदरावांच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत पाहिली होती. नवरा तिला विहिरीत ढकलतो, तिचं भूत गावाला छळतं, आणि शेवटी गावकरी विहिरीत पायऱ्या बांधतात अन् नवरी पायरी-पायरीनं वर येते. पुढे इंग्रजी मासिकात वाचलं की जगभरच्या प्रतींमध्ये गावकरी तिला दगडांखाली गाडून टाकतात. मी चमकलो. म्हणजे निर्मात्याची कात्री लागायच्या आधीची प्रत आमच्या रामटेकात! मी लेख लिहिला, आमच्या कॉलेजातल्या प्रेमलताबाईंनी त्याचं इंग्रजी केलं, तो परदेशी छापून आला आणि व्हाल्मारीनं कळवलं : होय, तोच माझा शेवट.

त्या एका 'होय'वर मी त्याचं चरित्र लिहायला बसलो. गावानं मला भूतवाला शालिक म्हटलं. बायकोनं बोलणं कमी केलं. आज सगळ्यांना उत्तर मिळणार होतं, आणि डब्यात रोवणा चालला होता.

२

"पोलीस नकोत," यमुताई म्हणाल्या. "ते आधी चहा मागतील. मग तुलाच धरतील."

यमुताई सोसायटीच्या अध्यक्ष, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या नागपूरच्या सुना त्यांच्या छडीखालून गेलेल्या. खोटं बोलणारी पोर आधी वेणी चाचपते, असं त्या सांगत, आणि त्यांच्यासमोर वेणी नसलेले पुरुषही मानेमागे हात नेत.

"काल काय झालं ते सांग. आणि रडत सांगू नको वं बाई... अरे बाबा."

मी सांगितलं. आमची खोली महाल भागात, वाचनालयाच्या मागे. तिथं चित्रपटाचे डबे, आनंदरावांचं प्रोजेक्टर आणि त्यांची लोखंडी पेटी. तंबू बंद पडला होता. पेटीत उरले होते जुने सरकारी माहितीपट. शनिवारी सकाळी आनंदरावांनी भिंतीवर पांढरं धोतर बांधलं आणि पहिलं रीळ चालवून पाहिलं. व्हाल्मारी होता, दुभाषी म्हणून प्रेमलताबाई होत्या, मी होतो. आनंदरावांबरोबर रामटेकहून मनकर्णाबाई आल्या होत्या. त्या मूळच्या खडी गंमतीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशातल्या गाणाऱ्या. तंबूत चित्रपट परक्या भाषेतला असला की आनंदराव आवाज बंद करायचे आणि मनकर्णाबाई भोंग्यावरून गोष्ट सांगायच्या.

शिवाय गांधीबागेतले चंपतराव आले होते, पेटीतले माहितीपट घ्यायला. फिल्म सोड्याच्या गरम पाण्यात धुतली की चित्र निघून जातं आणि स्वच्छ पट्टी उरते. ती कापून ते सदऱ्यांच्या कॉलरसाठी विकत. प्रेमलताबाईंनी हे समजावून सांगितलं तेव्हा व्हाल्मारी हसला होता आणि त्यानं स्वतःच्या कॉलरला हात लावून पाहिला होता.

दुपारी सगळे प्रेमलताबाईंकडे जेवायला गेले; यमुताईही परस्पर तिथंच आल्या होत्या. म्हाताऱ्याचं डोकं दुखत होतं, तो खोलीतच खाटेवर पडून राहिला, खिडक्या लावून. मनकर्णाबाई परक्या घरी जेवत नाहीत. त्या वाचनालयाच्या पायरीवर भाकरीचं गाठोडं सोडून बसल्या. संध्याकाळी मी कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडेच. आज सकाळी चंपतरावांचा माणूस हातगाडीवर माहितीपट घेऊन गेला, आणि मग आनंदराव आमचे डबे तपासायला बसले.

"म्हणजे चंपतराव!" मी ओरडलो. "हातगाडीत घालून नेलं त्यानं! रिक्षा बोलवा!"

"बस खाली," यमुताई म्हणाल्या. "चंपतरावाला फिल्म पाहिजे. कोणतीही. धान धुतलं काय अन् भूत धुतलं काय, कॉलर तेवढीच ताठ राहते. मग एक रीळ इथं ठेवून दुसरं नेण्याचा उपद्व्याप तो कशाला करील? तो धानही नेईल अन् भूतही नेईल. हे करणाऱ्याला फिल्म नको होती. त्याला हीच फिल्म नको होती."

तेवढ्यात प्रेमलताबाई व्हाल्मारीला घेऊन आल्या. त्याला घाबरवू नये म्हणून त्यांनी बेतानं एवढंच सांगितलं की एक रीळ सापडत नाहीये. म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या इटालियन वळणाच्या इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हणतात?" यमुताईंनी विचारलं.

"म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका. पडदा पांढरा झाला की मी उभा राहीन आणि शेवट तोंडानं सांगेन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढं मोठं मन! यमुताईंच्या डोळ्यांत काही आलं नाही.

३

आनंदरावांना यमुताईंनी रिकाम्या पेटीवर बसवलं.

"व्हाल्मारीसाहेब ही प्रत इटलीला नेणार होते. तुम्हाला ते पसंत होतं?"

"काहून पसंत असंन, बाई? पोटच्या पोरीसारखी सांभाळली मी नवरीले. पण द्याची व्हती तं सारी दिली असती. एक पाय कापून कोणी पोरगी सासरी धाडते का?"

"डबे तुम्हीच नीट लावले होते?"

"सारे. तोंड वर, शेपूट आत. चालवलेलं रीळ परत गुंडाळल्याबिगर मी जेवत नाई, विचारा कोणालेही."

यमुताईंनी शेवटच्या आधीचा डबा उघडायला लावला. आनंदरावांनी टोक उजेडाकडे धरलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हे तं उलटं हाय. शेपूट बाहेर! चालवून तसंच ठेवलं कोणीतरी!"

प्रेमलताबाई मध्येच कडाडल्या, "ताई, संशय माझ्यावर असेल तर स्पष्ट विचारा. भुताटकीचे चित्रपट सोसायटीनं दाखवू नयेत असं मी बैठकीत म्हणाले होते. अजूनही म्हणते."

"माहीत आहे. तुला प्रोजेक्टरमध्ये फिल्म घालता येते का?"

"मला स्टोव्हला पिनसुद्धा मारता येत नाही."

"ते तुझ्या कालच्या भातावरून कळलं," यमुताई म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

मनकर्णाबाई पायरीवरच होत्या. काळ्यासावळ्या, उंच, गळ्याशी पदर घट्ट. आवाज आता घोगरा झाला होता.

"मले काय विचारता, मास्तरीणबाई? बोर्डावर त्या गोऱ्याचं नाव, शालिकभाऊचं नाव, थेटरवाल्याचं नाव. माहं नाव कुठी हाय? नाई ना? मंग चोरीतच काहून घेता?"

"चोरीत घेत नाही गं. काल दुपारी कोणी आत गेलं?"

"कोणी नाई. पण आतून आवाज येत व्हता. टर्रर्र, टर्रर्र. मले वाटलं आनंदराव जेवून आला अन् मशीन पाहून राहिला."

"मी तं चार वाजता आलो, वं!" आतून आनंदराव ओरडले.

माझा धीर सुटला. घड्याळाचा काटा दुपारकडे चालला होता आणि या बाई पायरीवर गप्पा मारत होत्या. "यमुताई, प्रेक्षक येऊन बसतील! मी त्यांना काय दाखवू, माझं तोंड?"

"तुझं चरित्र घे बरोबर," त्या म्हणाल्या. "आता रिक्षा बोलाव. गांधीबाग."

"पण चंपतराव चोर नाहीत म्हणालात ना?"

"चोर नाही. पण माल त्याच्याकडेच आहे."

४

सायकलरिक्षा महालातून निघाली. रिक्षावाला उभा राहून पायडल मारत होता आणि यमुताई शांतपणे बोलत होत्या, जणू वर्गात फळ्यावर लिहिताहेत.

"धान भुताच्या डब्यात आलं, मग भूत कुठं गेलं असेल? धानाच्या डब्यात. पेटीत. अन् पेटीतले डबे आज सकाळी हातगाडीवर चढले. चोरानं रीळ बाहेर नेलंच नाही, शालिक. आपणच दार उघडून पोचतं केलं. आता, हे कोणी केलं? काल दुपारी त्या खोलीत कुणीतरी शेवटची दोन रिळं पाहिली. आनंदरावानं अन् मनकर्णेनं तो शेवट कितीतरी जत्रांत पाहिलाय. त्यांना चोरून पाहायची गरज काय? अन् आनंदराव रीळ उलटं ठेवायचा नाही. प्रेमलतेला मशीन येत नाही. उरलास तू."

"मी?"

"तुला सायकलची चेन बसवता येत नाही, हे मी पाहिलंय. तुझ्या चरित्रात पहिल्या प्रकरणात काय आहे? पोरगा शाळा सोडून कुठं लागला?"

गांधीबाग जवळ येत होती. रविवार असल्यानं कापडाच्या दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या.

"प्रेमलता त्याला म्हणाली, एक रीळ सापडत नाही. कोणतं ते तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. सरळ म्हणाला, शेवट तोंडानं सांगतो."

"खोटं आहे!" मी एवढ्या जोरात म्हणालो की रिक्षावाल्यानं ब्रेक दाबला. "तो त्या शेवटासाठी एवढ्या लांब आला! स्वतःच्या घरात कोणी चोरी करतं का?"

"ते तोच सांगेल. आधी कॉलर वाचवू."

चंपतरावांच्या दुकानाची फळी बंद, पण मागच्या खोलीत चूल पेटलेली होती. मोठ्या घंगाळात सोड्याचं पाणी उकळत होतं आणि काळी साल सुटून फिल्मची भेंडोळी काचेसारखी होत होती. गुदमरवणारा वास. कुण्या पंचवार्षिक योजनेचं धरण विरघळून तळाशी बसलं होतं.

"थांबा!" मी घंगाळावर झेपावलो.

"ओ शालिकभाऊ, पोळसान ना!" चंपतरावांनी मला दंडाला धरून ओढलं. "काय हरवलं? सांगा तं खरं! मी काही चोर नाई. माल पाहून घेतला, पैसे देऊन घेतला."

यमुताईंनी रोवणीचा डबा मागितला. तो पुढच्या खेपेसाठी काढून ठेवला होता. झाकण उघडून मी फिल्म उजेडाकडे धरली. विहीर दिसली. हेही रीळ शेपूट बाहेर ठेवलेलं, म्हणून मी पट्टी शेवटाकडून मागे-मागे सरकवत गेलो. माणसं, दगड, विहिरीचा काठ, पुन्हा दगड. पायऱ्या शोधल्या. पायऱ्या नव्हत्या. दगड विहिरीत पडत होते, विहीर भरत होती, आणि शेवटच्या चित्रांत भरलेल्या विहिरीवरून एक पांढरं वस्त्र वाऱ्यावर उडत होतं.

नवरी कुठंच नव्हती.

"हे आपलं रीळ नाही," मी म्हणालो. "हे बदललेलं आहे."

यमुताईंनी फक्त झाकण लावलं.

५

महालातल्या खोलीत व्हाल्मारी खाटेवर बसला होता. डबा पाहिल्यावर त्यानं डोळे मिटले. यमुताईंनी प्रश्न विचारला नाही. मुलींना रडायला वेळ देत तसा त्यालाही दिला. मग तो बोलू लागला आणि प्रेमलताबाई हलक्या आवाजात सांगत गेल्या.

"म्हणतात, जवळपास तीस चित्रपट काढले. निर्मात्यांनी शेवट बदलले हे काही ठिकाणी खरं होतं. काही ठिकाणी मलाच चांगला सुचला नव्हता. पण म्हणत गेलो आणि लोक मानत गेले. मग हिंदुस्थानातून या माणसाचा लेख आला. बायको विहिरीतून वर येते. किती सुंदर! मला वाटलं, कदाचित मी खरंच तसं काढलं असेल. तरुण होतो, विसरलो असेन. म्हणून होय म्हणालो. काल एकट्यानं पाहायचं ठरवलं. हात जोडून पाहिलं. तेच निघालं. दगड. सगळे माझेच. हा एकच चित्रपट होता ज्याला निर्मात्यानं बोट लावलं नव्हतं. म्हणून ते रीळ धुवायला जाणाऱ्या डब्यात घातलं."

मला म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःच्या डोळ्यांचा. "पण मी पाहिलंय! रामटेकला! ती वर आली! पायऱ्यांवर पाय ठेवत आली!"

"पाहिलं नाई, भाऊ," दारातून मनकर्णाबाई म्हणाल्या. "ऐकलं."

त्या आत आल्या. "पहिल्या साली मी गोऱ्यानं दाखवलं तसंच सांगितलं. गाडली म्हणून. तं बाया रडल्या, उठून गेल्या, दुसऱ्या खेळाले तंबू रिकामा. आनंदराव डोकं धरून बसला. मी म्हटलं, दगडंच टाकून राहिले ना लोकं? मंग ते पायऱ्या काहून नसंन? अन् तो पांढरा कपडा, तो तिचा पदर. वर आली तं पदर उडंनच. तवापासून तसंच सांगत आली." आणि पडक्या आवाजात त्यांनी म्हटलं,

*"दगडावरी दगड, पायरीची झाली वाट,*
*वर ये वं माय माझे, उजाडली पहाट."*

प्रेमलताबाईंनी इंग्रजी केलं. अडखळत, पण केलं. व्हाल्मारी ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं की जळफळाट, मला सांगता येत नाही. जन्मभर ज्या शेवटासाठी त्यानं दुसऱ्यांना दोष दिला, तो एका बाईनं जत्रेतल्या भोंग्यावर, रिकाम्या तंबूच्या भीतीनं जुळवला होता.

मी मनकर्णाबाईंपुढे हात जोडले. "आज सांगा. आवाज बंद ठेवू, तुम्ही सांगा. बोर्डावर नाव लिहितो. आत्ता खडूनं लिहितो. नाहीतर मी संपलो."

त्यांनी माझे जोडलेले हात खाली केले. "तंबूत लोकं मांडी घालून बसत, भाऊ. अर्धे पडद्याकडं पाहात, अर्धे माह्याकडं. मी कोणाच्या डोळ्यांत पाहून सांगत व्हती. तुमच्या थेटरात माह्यासाठी अंधारच हाय. अन् तुमची अडचण काढायले मी तो शेवट केला नव्हता."

"मग खेळ रद्द करतो," मी म्हणालो.

व्हाल्मारी उठला. डबा त्यानं स्वतः उचलला, छातीशी धरला आणि प्रेमलताबाईंना एकच वाक्य सांगितलं.

"म्हणतात, चला. उशीर होतोय."

६

थेटर भरलं होतं. सोसायटीची मंडळी पुढे, आणि मागे, कुणी न बोलावता, रामटेककडची माणसं. आनंदरावांनी गावी सांगून ठेवलं होतं. धोतरं, नऊवारी, मांडीवर पोरं. एस.टी.नं आली होती आपली जुनी नवरी पाहायला.

रिळं सरकत गेली. आवाज इटालियन, कुणाला अक्षर कळत नव्हतं, तरी मागच्या बाया आधीच एकमेकींना सांगत होत्या, आता तिले ढकलते पाहा, आता आली पाहा.

शेवटचं रीळ लागलं. माझ्या एका बाजूला यमुताई, दुसऱ्या बाजूला व्हाल्मारी, पलीकडे प्रेमलताबाई. पडद्यावर दगड पडू लागले. प्रत्येक दगडाचा आवाज होता. तंबूत तो कधी ऐकूच आला नव्हता. धप्प. धप्प. मागची कुजबुज थांबली. विहीर भरली. वाद्याचा एक लांब सूर, उडणारं वस्त्र, आणि 'समाप्त'ची इटालियन अक्षरं.

कुणी टाळी वाजवली नाही. मग मागून एक म्हातारा उभा राहिला. मी ओळखलं, रामटेकचे धोंडबा, तंबूसमोर चहाची टपरी असायची त्यांची. त्यांचा आवाज साऱ्या थेटरात घुमला.

"ओ गा! हे काय दाखवून राहिले? बाई निघते ना विहिरीतून! आमी डोळ्यानं पाहिलं हाय! कोणी बदलला हा शेवट?"

"हाव ना! बदलला!" मागच्या साऱ्या रांगा उठल्या. "वर येते ते! पायऱ्यांवरून येते! नवरी कुठी हाय?"

दिवे लागले. व्हाल्मारीनं मान वळवून त्या उभ्या गर्दीकडे पाहिलं आणि प्रेमलताबाईंना विचारलं, हे लोक का ओरडताहेत?

प्रेमलताबाईंनी सांगितलं. म्हणताहेत, हा शेवट तुमचा नाही. कुणीतरी बदलला.

म्हातारा खुर्चीच्या पाठीला धरून उठला. त्याचं तोंड धोंडबांकडे होतं. तो त्याच्या इंग्रजीत बोलला, सावकाश, आणि थेटर शांत झालं. मग प्रेमलताबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सांगितलं,

"ते म्हणतात, तुमचं बरोबर आहे. ती वरच यायला हवी होती. दगड मीच टाकले."